थैलीतली लाइन

साकोली, १२ फेब्रुवारी २०२५

दादा, जयभीम. घ्यायचा तर घे.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, बाबांना केलंस, आईला तेवढं सोडलंस. आईच्या फोनवरून मी लावला तर माझा आवाज ऐकताच ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. जवाहरनगरच्या क्वार्टरचा नंबर मी आईच्या डब्यातल्या चिठ्ठीवरून चोरला. तासाभराच्या बसवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहावं लागतं, याचं मला हसू येतं आणि रागही येतो. भांडण तुझं आणि बाबांचं होतं. मी बाबांच्या बाजूने दोन वाक्यं बोलले, त्याला दोन वर्षं झाली.

तर बातमी अशी की तुझी बहीण फायनल इयरला आली आहे आणि अजून नापास झालेली नाही. मागच्या वर्षी मशीन्स होतं, यंदा पॉवर इलेक्ट्रॉनिक्स आहे. तू आयटीआयवाला, तुला वाटेल पोरगी शहाणपणा शिकवते. शिकवतेच. मशीन्सच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, मोटार आणि जनरेटर यांत फरक काय? मी म्हटलं, यंत्र तेच, वीज कोणत्या बाजूने येते एवढाच फरक. सर खूश झाले.

माझा प्रोजेक्ट म्हणजे इन्व्हर्टर. वासुदेवरावांच्या शेतातल्या मोटारीच्या शेडवर सोलरची पॅनल बसवली आहेत. त्यांची वीज माझं यंत्र लाइनसारखी करून देतं. आधी मोटार चालवतं, उरलेली तारेवर परत ढकलतं. लाइन गेली की मात्र यंत्राने दोन सेकंदांत स्वतःला बंद करून घ्यायचं असतं, नाहीतर मेलेल्या तारेत खालून वीज जाईल. त्या सोयीचं पुस्तकी नाव लांबलचक आहे. मी तिला चौकीदार म्हणते. प्रोग्राममधल्या चार ओळी, बस.

बाबा तसेच आहेत. पगार राजकुमार लाइनमनचा आणि खांबावर चढतात बाबा. लोक अजून झिरो वायरमनच म्हणतात, आणि खळ्यावर मानाचं सूपभर धान देतात. चढायच्या आधी डीपीच्या पेटीतल्या फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा उपसायच्या, कापडी थैलीत टाकायच्या, थैली गळ्यात अडकवायची. तारेला अर्थिंगची साखळी लावायची नाही. मी मागच्या आठवड्यात टोकलं तर म्हणाले, "लाइन माह्या थैलीत हाय बाई. आता तारले का भेवाचं?"

तू पाठवलेले रबरी हातमोजे खुंटीला टांगलेत. पाहुणे आले की दाखवतात, पोराने पाठवले म्हणून. घालत नाहीत.

तुझी,
हर्षा

साकोली, ३ एप्रिल २०२५

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस, पण पत्र परतही आलं नाही. एवढं मला पुरेसं आहे.

मार्च फार वाईट गेला. आपल्या गावची लाइन तुला माहीत आहे. उन्हाळी धानाला पाणी द्यायच्या वेळी सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज दीडशेवर येतं. माझ्या चौकीदाराला वाटायचं लाइन मेली, की तो यंत्र बंद करायचा. दिवसातून तीस-तीस वेळा. वासुदेवराव बांधावर उभे राहून म्हणायचे, "पोरी, तुही मशीन तं माह्या जावयासारखी हाय. जराशा गोष्टीनं रुसते."

माझे गाईड हिरालाल सर. ते म्हणाले, तीस दिवसांचा सलग रेकॉर्ड हवा, सेकंदा-सेकंदाचा. मध्ये खंड पडला तर मोजणी पहिल्यापासून. पुण्याची ड्राइव्ह बनवणारी कंपनी आहे, तिने मला निवडलंय, पण त्यांना हाच रेकॉर्ड बघायचा आहे. मी सरांना या सारख्या बंद पडण्याचं, ट्रिपचं, सांगितलं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, काहीतरी करून थांबव. काय करून, ते त्यांनी विचारलं नाही.

मी थांबवलं. ३१ मार्चपासून एकदाही ट्रिप झालं नाही. आज चौथा दिवस. वासुदेवरावांचा रुसवाही गेला. काल लाइट गेली तरी त्यांची मोटार पाणी फेकत होती. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले आहेत की परसरामच्या पोरीने लाइट नसताना मोटार चालवून दाखवली. बाबा पानठेल्यावर उभे राहून ते दोनदा ऐकून आले.

आई म्हणते, यंदा चौदा एप्रिलला तू विहारात येशील का विचार. मी विचारलं, असं तिला सांगते.

हर्षा

साकोली, १० एप्रिल २०२५

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी एक ओळ लिहिलीस आणि तीही 'बरी आहेस का' अशी नाही. "लाइट गेल्यावर मोटार कशी चालली? चौकीदार जागा आहे ना?"

आहे रे. जागा आहे. तू फॅक्टरीत धोक्याच्या लाल पाट्या लावून लावून सगळीकडे लालच बघतोस. मी पॅनल आणि मोटार यांच्यात वेगळी जोडणी केली आहे, तुला कागदावर समजणार नाही. कधी आलास तर दाखवीन.

बाकी सगळं ठीक. वासुदेवरावांच्या शेजारच्या खांबावर परवा जंपरचा जोड बसवायला बाबा चढले होते. खाली आल्यावर हात पुसत म्हणाले, "आज तार जराशी झुणझुणली." मी विचारलं, ग्रिपा काढल्या होत्या? तर थैली उघडून दाखवली. तिन्ही होत्या. "थैलीत लाइन असून तार बोलली, असं वीस वर्सात झालं नाई." मग स्वतःच हसले. संध्याकाळ होत आली होती, ऊन उतरलं होतं.

मी म्हटलं, ओल असेल, बाबा.

हे तुला का सांगते आहे मला कळत नाही. आई कैरीचं लोणचं घालते आहे, तुझी बरणी वेगळी ठेवली आहे.

हर्षा

साकोली, १५ एप्रिल २०२५

दादा,

काल तू आला नाहीस. विहारावरच्या माळा दर वर्षीप्रमाणे बाबांनी लावल्या. शिडी धरायला तू असायचास, यंदा मी होते. वरून म्हणाले, "तुह्या भावाचा हात घट्ट असे." तोंडावर कधी म्हणणार नाहीत.

मी तुला खोटं लिहिलं. चौकीदार झोपलेला आहे. मी त्याच्या चारही ओळी बंद केल्या आहेत. वेगळी जोडणी वगैरे काही नाही. डीपीवरून लाइन बंद केली तरी माझं यंत्र खालून तार जिवंत ठेवतं. बाकीच्या मोटारी सुरू असल्या तर त्या ते ओढून पाडतात. पण लाइट नाही म्हणून कुणी बटणच दाबलं नाही, तर ते एकटं अख्खी तार पेलतं. त्या दिवशी बाबांना जे झुणझुणलं ते उतरत्या उन्हात. दुपारी बारा वाजता नुसतं झुणझुणून थांबणार नाही.

मला भीती वाटते. मी तशी भित्री नाही, तुला माहीत आहे.

काल मी बाबांना सांगितलं, वासुदेवरावांच्या बाजूला चढायच्या आधी मला फोन करायचा. मी मोबाईलवरून यंत्र बंद करू शकते, ठरवून केलेला बंद रेकॉर्डमध्ये खंड धरत नाहीत. त्यांनी विचारलं, "काहून?" मी म्हटलं, प्रोजेक्टचं मोजमाप बिघडतं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी त्याच पावली जाऊन वायर उपसली असती, आणि सोळा दिवसांचा रेकॉर्ड गेला असता. आता चौदाच दिवस उरलेत. तोवर ते फोन करतील. बाबा शब्द पाळतात.

तू ये. एक दिवस सुट्टी काढ आणि ये. मला ओरड, आणि ती वायर तूच उपस. माझ्याने होत नाही.

हर्षा

गाव, २ मे २०२५

दादा,

बाबा गेल्यावर तू तिसऱ्या दिवशी निघून गेलास. आईला बरं नाही, पण खाते थोडंसं. शेजारच्या रेणूकाकू रोज येऊन बसतात.

चौकशीचे लोक आले होते. लोक त्यांना म्हणाले, कुणीतरी आकडा टाकला असेल. कुणी म्हणालं, जनरेटर. वासुदेवराव काही बोलले नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे बघणं सोडलं आहे. राजकुमारने लिहून दिलं की परसराम त्याच्या नकळत चढला. ग्रिपा पेटीत परत बसवलेल्या नव्हत्या आणि बाबांच्या थैलीतही सापडल्या नाहीत. मग राजकुमारनेच डीपीवर दुसऱ्या बसवल्या, आणि कागदावर आलं की फ्यूज न काढताच चढला. वीस वर्षं ग्रिपा गळ्यात घालून फिरलेल्या माणसाबद्दल हे लिहिलं आहे.

त्या तुझ्याकडे आहेत. दवाखान्यात तू थैलीत हात घातलास, तिन्ही काढल्यास, त्यांच्याकडे पाहिलंस आणि मग माझ्याकडे पाहिलंस. काही विचारलं नाहीस. विचारायला हवं होतंस.

प्रोजेक्टची परीक्षा पंधरा तारखेला आहे. सर म्हणाले, तुझी परिस्थिती समजते, सत्तावीस दिवसांचा रेकॉर्डही चालेल.

हर्षा

गाव, १८ मे २०२५

दादा,

या पाकिटात १५ एप्रिलचं पत्र आहे. ते आधी वाच. ते मी तेव्हा टाकलं नव्हतं. साकोलीच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले, हात आत घातला आणि पाकीट घेऊन परत आले. तू नक्की आला असतास, म्हणूनच टाकलं नाही.

आता २६ एप्रिल सांगते. एकदाच सांगणार आहे, म्हणून सगळं सांगते.

सकाळी मी मशीन लॅबमध्ये होते. तिथे मोबाईल बाहेरच्या खणात ठेवावा लागतो. बाबांचे तीन फोन आले होते. अकरा एकवीस, अकरा अठ्ठावीस आणि अकरा छत्तीस. शब्द पाळला त्यांनी. नंतर आईकडून कळलं की दोन शेतकरी लाइन जोडून द्या म्हणत खांबाखाली उभे होते, धान निसवायला, लोंब्या धरायला आलं होतं, पाणी तुटून चार दिवस झाले होते. बाबा त्यांना म्हणाले, "पोरगी कालेजात हाय, तिचं मोजमाप का बिघडन तं बिघडन. लाइन तं थैलीतच हाय." मोजमाप हे कारण मी दिलं होतं. मोजमापासाठी कुणी दोन शेतं वाळू देत नाही. खरं कारण दिलं असतं तर बाबा खांबाखाली बसून राहिले असते, संध्याकाळपर्यंत.

सव्वाबाराला मी बाहेर आले तेव्हा खणातल्या मोबाईलवर राजकुमारचा फोन येत होता. तो म्हणाला, "हर्षा, बाबाले लाइनवर लागलं. पडले. जीव हाय. गाडीत टाकून साकोलीले आनून रायलो, तू दवाखान्यात ये."

मी काय केलं ते ऐक. मी पहिल्यांदा मोबाईलवरून यंत्र बंद केलं. हे तू मला माफ करशील, खांबाखाली अजून लोक होते. पण त्यानंतर मी दवाखान्यात गेले नाही. कॉलेजच्या फाटकासमोर गावाकडे जाणारी ऑटो उभी होती, तिच्यात बसले. अर्ध्या वाटेवर समोरून राजकुमारची गाडी आली. मागच्या सीटवर बाबांचे पाय दिसले, एका पायात चप्पल होती. ऑटोवाल्याला मी थांब म्हटलं नाही. गाडी साकोलीकडे गेली आणि मी गावाकडे.

शेडमध्ये लॅपटॉप लावला आणि चारही ओळी पुन्हा चालू केल्या. कुणी तपासायला आलं तर चौकीदार जागा दिसावा म्हणून. वीस मिनिटं लागली, पासवर्डच तीनदा चुकला. वासुदेवराव दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाप तिकडे गेला अन् तू अठी का करून रायली?" मी म्हटलं, मशीन बंद करायला आले. ते बाजूला झाले.

डॉक्टर म्हणाले की दवाखान्यात आणल्यावर पंधरा-वीस मिनिटं श्वास होता. राजकुमार म्हणतो, बाबा दाराकडे बघत होते. राजकुमार खोटं लिहून देतो, पण हे तो खोटं बोलला नसेल.

तीन दिवसांपूर्वी, पंधरा तारखेला, परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे होते, चष्मा कपाळावर. त्यांनी सत्तावीस दिवसांचे आलेख एकेक करून पाहिले. फार व्यवस्थित काम आहे, म्हणाले. सव्वीस तारखेच्या पानावर थांबले. सगळी रेघ सरळ आहे आणि एका जागी बारीकसा दात आहे. अकरा वाजून बेचाळीस मिनिटं. नऊ सेकंद. त्यांनी पेन्सिलीचं टोक तिथे ठेवलं आणि विचारलं, हे काय?

मला ते काय आहे ते माहीत होतं, दादा. मी ते पान परीक्षेच्या आधी शंभरदा पाहिलं होतं. तारेवर नऊ सेकंद कुणीतरी जास्तीचं होतं. किती अँपियर, ते सुद्धा माझ्या यंत्राने दशांशासकट लिहून ठेवलं आहे.

मी म्हटलं, लाइनवर थोडा लोड आला होता, सर.

ते म्हणाले, फार लहान आहे, दुर्लक्ष केलं तरी चालेल. आणि पुढचं पान उलटलं. मला सगळ्यांत जास्त गुण मिळाले. पुण्याहून काल मेल आली, एक जुलैला हजर व्हायचं.

बाबांशी तू जे भांडलास ते मला शब्दन् शब्द आठवतं. ते खांबावरून घसरून पाय मुरगळून आले होते आणि तू ओरडलास, "तुम्ही मरान तं कागदावर तुमचं नाव बी येनार नाई. रजिस्टरात ज्याचं नाव नाई, तो मेला बी नाई." त्यांनी तुला थोबाडीत मारली. मी म्हटलं होतं, दादा, माफी माग. आज तो चौकशीचा कागद आला आहे. त्यात लिहिलंय, 'एक अनधिकृत इसम'. नाव नाही. आणि चूक मात्र त्याची आहे, फ्यूज न काढल्याची.

येत्या गुरुवारी, २२ तारखेला, साडेदहा वाजता मी भंडाऱ्याला विद्युत निरीक्षकाच्या ऑफिसात जाते आहे. आईला काल सांगितलं. सगळं सांगितलं, ऑटोचंही. ती उठून तांदूळ निवडायला बसली. डिग्री जाईल, नोकरी जाईल, पुढे आणखी काय होईल ते होईल. मला त्याची भीती वाटतेच, पण त्या नऊ सेकंदांची जास्त वाटते.

मी लॅपटॉप नेते आहे. बंद केलेल्या ओळी कोणत्या तारखेला बंद झाल्या आणि कोणत्या तारखेला पुन्हा चालू झाल्या, ते त्यात आहे. पण बाबांनी त्यांचं काम बरोबर केलं होतं हे माझ्या लॅपटॉपवरून कळत नाही. ते फक्त त्या तीन ग्रिपांवरून कळतं. त्या घेऊन ये. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या शेजारी बसू नकोस. त्या टेबलावर ठेव आणि सांग की त्या बाबांच्या थैलीत होत्या.

सव्वीस तारखेचं पान सोबत पाठवते आहे, त्याची दुसरी प्रत माझ्याजवळ आहे. अकरा बेचाळीसला बघ. दाताच्या खाली मी निळ्या पेनने बाबांचं पूर्ण नाव लिहिलं आहे. दोन्ही प्रतींवर.

हर्षा